समुद्राची घाई

किनाऱ्यावर माणसांची घरं नव्हती, तेव्हाची गोष्ट. वाळूखाली कासवीची अंडी फुटली. वरची वाळू उन्हानं तापलेली होती, म्हणून पिल्लं खड्ड्यातच दाटीवाटीनं थांबून राहिली. एक पिल्लू मात्र भावंडांच्या पाठी तुडवत वर चढू लागलं.

"कुठे निघालास रे?" बहिणीनं विचारलं.

"समुद्रात. पहिला पोचेल तो राजा!"

"अरे, थांब. देव वाळू गार करेल, तेव्हा सगळेच निघू. त्याला वेळ कळते."

"बसा तुम्ही वाट बघत, आळशांनो!"

ते बाहेर पडलं. चार पावलांतच पोट भाजलं, वर घार घिरट्या घालू लागली. धडपडत ते मागे वळलं, पण खड्ड्याच्या तोंडाशीच त्याचं त्राण संपलं. बहिणीनं पाय तोंडात धरून त्याला आत ओढलं.

"फार भाजलं का, राजेसाहेब?" तिनं हळूच विचारलं. त्याला रडू आलं.

संध्याकाळी वाळू गार झाली. सगळी निघाली. त्याला चालवेना.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणालं.

कुणी ऐकलं नाही. भावंडं त्याला मागून ढकलत राहिली. लाट आली तेव्हा सगळ्यांत पुढे तेच होतं, आणि सगळी येताहेत ना, म्हणून मान वळवून मागे बघत होतं.