शिट्टी वाजेपर्यंत

चाकांच्या कंपाउंड धनुष्यांच्या स्पर्धेत धडगावचा दित्या पावरा एकटाच बांबूचं धनुष्य घेऊन उतरला. मुख्य पंच रणदिवे हसले. "ही काठी इथवर पोचायची नाही," म्हणत ते मुद्दाम लक्ष्याला खेटून उभे राहिले. "ताणून धर. शिट्टीशिवाय सोडायचं नाही."

कंपाउंडमध्ये ताणलेल्या दोरीचा भार चाकं पेलतात, बांबूचा सगळा भार बोटांवर येतो. शिट्टी काही वाजेना. दित्याचे दंड थरथरू लागले, बाणाचं टोक पंचांकडे झुकू लागलं.

"साहेब, शिट्टी तुमच्या तोंडात आहे, पण बाण आता फार वेळ माझ्या हातात राहायचा नाही."

शिट्टी लगेच वाजली. बाण लक्ष्याच्या मधोमध रुतला. रणदिवे गवतात पालथे पडले होते.

"उठा साहेब," दित्या म्हणाला, "काठीच होती."