चायोने घडवलेला उलटा हात

दूर मेक्सिको देशात, डोंगराच्या मांडीवर, चांदीच्या कारागिरांचं एक गाव होतं. गल्लीगल्लीत हातोड्यांची किणकिण चाले. तिथे चायो आणि तिची आई ओफेलिया राहत. चांदीच्या दागिन्यांची नवी नक्षी काढावी ती ओफेलियानेच! तिचे पोपट बायकांच्या कानांत झुलत आणि मक्याची इवली कणसं गळ्यात चमकत.

पण गेल्या थंडीत ओफेलियाचा उजवा हात आखडला, तो आखडलाच. पेन्सिल धरवेना, हातोडी उचलवेना. घरातली चांदी संपली, मग डब्यातला मकाही तळाला गेला. आई तरी हसायची. ते हसू बघून चायोला मात्र रडू यायचं.

एका सोनेरी सकाळी अंगणातल्या बोगनवेलीत काहीतरी लुकलुकलं. चायो बघते तर काय, बोटभर उंचीची परी! तिचा निळा-जांभळा पंख काट्यांत अडकला होता. चायोने आईचा बारीक चिमटा आणला आणि एकेक काटा हळूच बाजूला केला. पंखाला ओरखडासुद्धा आला नाही.

"गुणाची गं पोर!" परी म्हणाली आणि तिने चायोच्या तळहातावर चांदीचा टपोरा थेंब ठेवला. "तुमच्या चर्चमध्ये नवसाचे चांदीचे हात, पाय, डोळे टांगतात ना? तसा एक घडव. ज्याला देशील त्याचा तो अवयव बरा होईल. पण नीट ऐक. चांदीला आकार कळतो, मनातलं कळत नाही. चुकलं तर वितळवून पुन्हा कर. मात्र एकदा कुणाला दिलास, की चांदीतली जादू संपली."

चायोने मान डोलावली. निम्मं कळलं होतं, निम्मं डोक्यावरून गेलं होतं.

ती कामाला बसली. स्वतःचा उजवा हात समोर ठेवून तिने ठशाच्या ठोकळ्यात हुबेहूब तसाच हात कोरला. नखं कोरली, मनगटावर फुलांची नाजूक काकणंही कोरली. थेंबाचा पातळ पत्रा केला, ठशावर ठेवला आणि ठोक ठोक ठोकला. पत्रा उचलून पालथा केला, तर चकचकीत, गोडुला हात! पण अंगठा भलतीकडेच होता.

"अगंबाई! हा तर डावा!"

चायोने हात उलटा धरला, सुलटा धरला, स्वतः गर्रकन फिरूनही पाहिलं. डावा तो डावाच. ठशात कोरलेलं उलटं उमटतं, म्हणून आई नेहमी उलटं कोरायची. घाईत चायो तेच विसरली होती.

"वितळवू आणि पुन्हा करू," असं म्हणत तिने मूस भट्टीवर चढवली. तेवढ्यात शेजारचे चेमाआजोबा मक्याच्या गरम पोळ्या घेऊन आले. एके काळी ते लग्नांत गिटार वाजवत. खेचरावरून पडले आणि डाव्या हाताची बोटं लुळी झाली.

"वा, किती सुंदर डावा हात!" आजोबा म्हणाले. "कुणासाठी गं?"

आईसाठी? पण आईचा डावा हात तर धडधाकट आहे. वितळवावा? पण हे आजोबा इथे समोर उभे आहेत! दिला तर आईचं काय? आजोबांनी मागितलं काहीच नव्हतं. ते नुसते बघत होते, आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

"तुमच्यासाठी, आजोबा," चायो म्हणाली आणि तिने तो चांदीचा हात त्यांच्या लुळ्या हातात ठेवला.

आजोबांच्या हातात चांदी झगमगली आणि एकेक लुळं बोट फुलासारखं उघडलं. "ओफेलिया! ओफेलिया, बघ गं!" ओरडत ते आत धावले. आनंदाच्या भरात त्यांनी तो बरा झालेला तळवा समोर बसलेल्या ओफेलियाच्या तळव्याला भिडवला. बोटाला बोट लागलं, अंगठ्याला अंगठा.

मागोमाग आलेली चायो बघतच राहिली. समोरासमोर आल्यावर आजोबांच्या डाव्या हातासमोर आईचा उजवा हात आला होता! दोन्ही तळव्यांच्या मधून रुपेरी उजेड झिरपला आणि आईची बोटं हलली.

परी खिडकीत बसून हसत होती.

"पण जादू तर संपली होती ना?" गोंधळलेल्या चायोने विचारलं.

"चांदीतली संपली, बाळ. तू दिलीस म्हणून ती आजोबांच्या हातात आली. आणि ठशाला जे भिडतं, त्यावर उलटं उमटतं. हे तुला मी सांगायला हवं का?" एवढं बोलून परी गुलाबी-सोनेरी उजेड झाली आणि उन्हात विरून गेली.

आईने चायोला जवळ ओढलं आणि तिचे विस्कटलेले केस दोन्ही हातांनी घट्ट विंचरून तिची वेणी घालायला घेतली.

"आई, ओढतंय!" चायो म्हणाली.

"ओढू दे," आई म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडू लागल्या.