पन्नासात काय येतं?

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा जहाजं शिडांवर चालायची आणि समुद्रापार गेलेल्या माणसाची खुशाली कळायची ती त्यानं स्वतः धाडली तरच. त्या काळी एका खाडीच्या काठी करंजपूर नावाचं लहानसं नगर होतं. मुलांनो, ते नकाशात शोधू नका. मोठ्यांनो, तुम्हीही नका. गोष्ट तेवढी नीट ऐका.

करंजपुरात भिवा नावाचा तांबट राहायचा. तांब्याची भांडी घडवावीत ती त्यानंच. त्याच्या घंगाळावर हातोडीचे ठसे असे एकसारखे उमटत, की मोजायला बसलं तर एका ओळीत एकही कमीजास्त निघत नसे. महिन्याला त्याला चांदीची दहा नाणी मिळत. आठात घर आणि भट्टी चाले, दोन गाठीला पडत. घरात बायको गिरजा आणि दहा वर्षांची मुलगी मंजुळा. भट्टी भिवा सांभाळायचा आणि घर गिरजा.

एके सकाळी मोतीबंदरच्या राजाचा दूत करंजपुरात आला. मोतीबंदर म्हणजे समुद्रापलीकडचं मोठं शहर. तिथल्या राजानं नवा राजवाडा बांधला होता आणि त्याला हजार भांडी हवी होती. दूतानं भिवाच्या हातची कळशी उन्हात फिरवून पाहिली आणि म्हणाला, "महिन्याला पन्नास नाणी देऊ. करार तीन वर्षांचा. दोन महिन्यांनी मी परत येईन, तोवर घरदार विकून तयार राहा."

पन्नास! भिवाचे कान तापले. शेजारचा दगडू तांबट तीन वर्षांपूर्वी असाच मोतीबंदरला गेला होता. दर सणाला त्याच्या आईला रेशमी लुगडं यायचं आणि ती ते साऱ्या आळीला दाखवत फिरायची. भिवानं ते लुगडं कितीदा तरी पाहिलं होतं.

दूत निघाला तशी गिरजा ओसरीवर आली.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "तिथे पन्नासात काय येतं?"

दूत हसला. "पन्नासात पन्नास येतात, बाई!"

जमलेली माणसंही हसली. भिवा ओशाळला. दूत गेल्यावर तो म्हणाला, "गिरजे, चारचौघांत हे काय विचारलंस? दहाचे पन्नास होतायत. हिशेब पोरालाही कळतो."

"मिळकतीचा कळतो. खर्चाचा कुठं कळलाय? तिथे तांदूळ कितीला, घर कितीला, काही ठाऊक आहे तुम्हाला? मी जाऊन बघून येते."

"एकटी? समुद्रापार?"

"व्यापाऱ्यांची जहाजं जातायत की. तुमच्या तीन कळश्या द्या, त्या विकून माझं भाडं निघेल. मी येईपर्यंत घराचा विसार मात्र कुणाकडून घेऊ नका."

नगरात हसू पसरलं. "भिवाची बायको परदेशी बाजाराला निघाली," असं पाणवठ्यावर बाया म्हणू लागल्या. गिरजानं ऐकलं आणि कळश्यांना चिंच लावून त्या लखलखीत केल्या. चौथ्या दिवशी ती जहाजात बसली.

दहा दिवसांनी मोतीबंदर आलं. केवढं शहर! दगडी रस्ते, दुमजली घरं, चौकाचौकात दिवे. पहिल्या दिवशी गिरजानं काही विकलं नाही आणि काही घेतलंही नाही. ती फक्त भाव विचारत फिरली. दुसऱ्या दिवशी तिनं कळश्या विकल्या, तांबट आळीत एक खोली आठवड्यासाठी घेतली आणि जशी करंजपुरात राहायची तशी राहून पाहिली. दोन वेळा चूल पेटवली, पाणी भरलं, कपडे धुतले.

तेव्हा तिला कळलं, की या शहरात विहिरीचं पाणी खारं आहे आणि गोडं पाणी घागरीवर विकत मिळतं. कोळसा तीन दिवसांच्या वाटेवरून बैलगाड्यांनी येतो. भट्टी लावता येईल असं घर फक्त शहराच्या एका टोकाला मिळतं, आणि घरमालकाला ते पक्कं ठाऊक आहे.

तिला दुसरंही दिसलं. मीठ आणि कापड तिथे स्वस्त होतं. आणि बाजाराच्या मागे एक पाठशाळा होती. तिच्या दारात मंजुळेएवढ्या मुली पाटीवर अक्षरं गिरवत बसल्या होत्या. करंजपुरात मुलींसाठी पाठशाळा नव्हती. गिरजा तिथे बराच वेळ उभी राहिली. तिनं पंतोजींना विचारलं, "फी काय?" पंतोजी म्हणाले, "काही नाही. राजाचा नेम आहे."

मग ती दगडूला शोधत निघाली. तो एका अंधाऱ्या खोलीत तिघांसोबत राहत होता. गिरजाला पाहताच तो दचकून उठला आणि जेवणाचं ताट पाठीमागे सारू लागला. ताटात कोरडी भाकरी होती आणि मीठ.

"भावजी," गिरजा खाली बसत म्हणाली, "आणि ती लुगडी?"

दगडूनं ताट पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाला, "उधारीवर घेतो, वहिनी. एक फिटलं की दुसरा सण येतो. पन्नास हातात पडतात आणि महिना सरायच्या आत संपतात."

"मग घरी कळवलं का नाही?"

"साऱ्या नगरानं मला ढोल वाजवत जहाजावर बसवलं होतं. कोणत्या तोंडानं कळवू? तुम्हीही सांगू नका."

"तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही," गिरजा म्हणाली. "पण तुम्ही चुकलात ते इथे येण्यात नाही, भावजी. न विचारता आलात, तिथे चुकलात. आणि विचारायला अजून उशीर झालेला नाही."

तिनं आपल्या शिदोरीतले लाडू त्याच्या ताटात ठेवले आणि बंदराची वाट धरली.

परतीचं जहाज उशिरा मिळालं; ती परतली त्याच आठवड्यात दूतही आला. चावडीवर माणसं जमली. दूतानं करार पुढे केला. भिवानं गिरजाकडे पाहिलं. ती पुढे झाली. एवढ्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती. पदर तिनं घट्ट धरला होता, पण आवाज खणखणीत लागला.

"तिथे घराला पंधरा नाणी जातात. पाण्याला पाच. खाणं आणि चुलीचं सरपण धरून पंधरा. आणि भट्टीच्या कोळशाला अठरा. किती झाले?"

मागून कुणीतरी म्हणालं, "त्रेपन्न."

"हातात पन्नास, जाणार त्रेपन्न. इथे दहा मिळवून दोन उरतात. तिथे पन्नास मिळवून तीन कमी पडतात."

चावडीवरच्या माणसांनी बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. भिवा तर खाली मान घालून बसला. आयुष्य भट्टीपुढे गेलं आणि कोळसा कोण देणार हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं!

"मग येऊ नका," दूत गुरकावला.

"मी येणार नाही असं कुठं म्हटलं? मला यायचंय. तुमच्या शहरात मुलींची पाठशाळा आहे, ती मला फार आवडली. पण भांडी राजाची, तर कोळसाही राजाच्या कोठारातून हवा. भट्टीचं घरही राजानंच द्यावं. आणि हे फक्त आम्हाला नको. आमच्याकडचे जेवढे तांबट तिथे राबतात, त्या सगळ्यांना मिळावं."

"राजाला अटी घालतेस?" दूत ओरडला. "भिवा, तुझी बायको काय बोलते आहे ऐकतोस ना?"

भिवा उठला. तो गिरजाच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ऐकतोय. आणि आज पहिल्यांदा नीट ऐकतोय. तिची अट तीच माझी अट."

दूत पाय आपटत निघून गेला.

एक महिना गेला, दोन गेले. करंजपुरात कुजबूज सुरू झाली, "दारी आलेली लक्ष्मी हिनं परत धाडली." भिवा कधी हातोडी थांबवून खाडीकडे बघत राही. एकदा तो म्हणालाच, "गिरजे, जरा कमी मागितलं असतं तर?"

"कमी मागून तिथे उपाशी राहण्यापेक्षा इथे पोटभर जेवू," गिरजा म्हणाली. "तुमच्या हातात कला आहे. ती भीक मागायला नेऊ नका." भिवानं हातोडी पुन्हा उचलली.

तिकडे दूत दुसऱ्या नगरांत हिंडत होता. तिथे न विचारता येणारे पुष्कळ मिळाले. पण काही जण पहिल्याच महिन्यात पळून गेले, आणि उरलेल्यांनी कोळसा वाचवण्यासाठी अर्धवट तापवून घडवलेली भांडी राजवाड्यात पहिल्याच मेजवानीला गळली. राजानं कारण विचारलं तेव्हा दूताला खरं सांगावं लागलं. करंजपूरच्या बाईचंही सांगावं लागलं.

चौथ्या महिन्यात खाडीत राजाचं जहाज लागलं. पत्र चावडीवर वाचलं गेलं: "ज्या घरात आधी कोळसा मोजतात, त्या घरचं भांडं गळणार नाही. घर दिलं, कोळसा दिला. तुमच्या सगळ्या तांबटांना दोन्ही दिलं. आता तरी या."

हसणाऱ्या बायांनीच गिरजाची ओटी भरली.

मोतीबंदरला भिवानं तीन वर्षांत राजवाड्याची भांडी पुरी केली. महिन्याला पन्नासातली तीस उरू लागली. दगडूचं कर्ज वर्षात फिटलं. त्यानं घरी खरं काय ते कळवलं आणि आईला स्वतःजवळ बोलावून घेतलं. मंजुळा लिहायला शिकली. करंजपूरला जी पत्रं जात ती तिच्या अक्षरात जात आणि त्यांत खुशालीच्या खाली तांदूळ, पाणी, घर आणि कोळसा यांचे त्या महिन्याचे भाव असत. पुढे करंजपुरातून जो कुणी समुद्रापार गेला, तो ते पत्र वाचून, आपल्या अटी सांगून गेला.

शेवटचं भांडं पोचवायच्या दिवशी राजानं भिवाला दरबारात बोलावलं आणि विचारलं, "मोठा कारागीर आहेस. कुणाचा कोण तू? कोणत्या घराण्याचा?"

भर दरबारात भिवानं छाती पुढे काढून उत्तर दिलं, "महाराज, मी गिरजाचा नवरा."

म्हणून सांगतो, लहानथोर सगळ्यांनी ध्यानात ठेवा: किती मिळेल हे ऐकून जो निघतो तो दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो, त्यात किती भागेल हे विचारून जो निघतो तो कुठल्याही मुलखात ताठ मानेनं नांदतो.