महाराजांची नाडी

"घोड्यासारखी पळतेय हिची नाडी! लाडू हिनंच चोरले!" वैद्यबुवांनी फुलाचं मनगट सोडलं.

राणीसाहेबांनी भावासाठी वळलेले सात बेसनाचे लाडू डब्यातून नाहीसे झाले होते. वैद्यबुवांनी राजवाड्यातल्या सगळ्या नोकरांच्या नाड्या तपासल्या आणि फुला दासीवर बोट ठेवलं.

"आत्ताच्या आत्ता चालती हो!" राणीसाहेब कडाडल्या. फुला रडू लागली. घरी आजारी आई होती, आणि चूल फुलाच्याच पगारावर पेटत होती.

राणीसाहेबांना बांगड्या भरायला गोजरा कासारीण आली होती. तिला राहवेना.

"राणीसाहेब, तीस वर्षं मी बायकांची मनगटं धरतेय. चुडा भरायला बसलेल्या नवरीची नाडीही अशीच पळते. तिनं काय चोरलेलं असतं?"

"नवरी घाबरलेली असते!" वैद्यबुवा खेकसले.

"मग फुला काय हसतेय का, बुवा?"

राणीसाहेबांना राग आला. "फार बोलतेस, गोजरे! ज्याला या राज्यात कुणाचीच भीती नाही, अशा माणसाची नाडी पळताना दाखव. नाही जमलं, तर फुलाबरोबर तूही गाव सोड!"

गोजरानं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. "असा माणूस एकच. आपले महाराज! पण त्यांच्या हाताला मी कसा हात लावू? आपणच नाडी धरा."

इतका वेळ तिथेच बसलेले महाराज दचकून उठले. "छे, छे! मला शिकारीला जायचंय!"

"बसा!" राणीसाहेबांनी महाराजांचं मनगट धरलं आणि डोळे विस्फारले. "अगंबाई! ही तर फुलापेक्षाही जोरात पळतेय!"

"आता बुवांनीच सांगावं," गोजरा म्हणाली. "नाडी खरी, तर महाराज चोर. नाडी खोटी, तर फुला सुटली!"

वैद्यबुवांना घाम फुटला. महाराजांनी मान खाली घातली. "सहाच खाल्ले हो मी! या बुवांनीच माझं गोड बंद केलंय ना, म्हणून यांचं तोंड बंद ठेवायला सातवा यांना दिला!"

राणीसाहेब थक्क झाल्या. "गोजरे, तुला आधीच कळलं होतं?"

"बुवा फुलाला चोर म्हणाले, तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. महाराज एकटेच मिश्यांतला बेसनाचा चुरा झटकत होते!"

राणीसाहेबांना हसू आवरेना. महाराजही पोट धरून हसले. गोजराला जरीकाठी लुगडं मिळालं, फुलाचे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले, आणि नवे लाडू वळायला वैद्यबुवांना बसवलं!