साक्षीची भिंत

“आणि भिंत कुठे गेली?”

ठोसर सरांनी फोटोवर बोट ठेवून एवढंच विचारलं.

शार्दूल मोहिते तासभर बोलत होता. नव्या बसस्थानकाचा पाया खणताना शहराच्या पोटातून दोन हजार वर्षांपूर्वीची वखार निघाली. तिच्या विटांच्या जमिनीवर रोमहून आलेल्या मद्यकुंभांची खापरं निघाली. मंत्री येऊन गेले, पेपरात नाव आलं. सरांना त्या दिवशी बोलवायचं मात्र राहूनच गेलं, हे वाक्य त्याने तेवढं भरभर उरकलं होतं.

सर ऐकता ऐकता दात घासायच्या जुन्या ब्रशने एक खापर साफ करत होते.

“कुठली भिंत, सर?”

सरांनी ब्रश खाली ठेवला.

कुठली ते त्याला चांगलं ठाऊक होतं. उत्खननात दोन खड्ड्यांच्या मधे हातभर रुंदीची माती न खोदता उभी राखतात. तिच्या अंगावर सगळे थर दिसतात. खाली कोण आधीचे, वर कोण नंतरचे, हे तीच सांगते. पहिल्या वर्षी कुदळ हातात देण्याआधी सर मुलांना तिला नमस्कार करायला लावत. मुलं हसत. सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो शार्दूल.

“काढली,” तो म्हणाला. “मंत्री यायचे होते. तिच्यामुळे जमीन एका फोटोत मावेना.”

“आधी थर कागदावर उतरवून घेतलेस?”

“वेळच नव्हता…”

“काय होतं त्यांत?”

“किरकोळच होतं, सर. चुली, राख, कुणा कुंभाराची भट्टी. नंतरच्या लोकांचं.”

“नंतरच्या लोकांचं,” सर म्हणाले आणि पुन्हा खापर घासू लागले.

मग शार्दूल मुद्द्यावर आला. कंत्राटदाराने आपला एक तज्ज्ञ उभा केला होता. त्याच्या मते ही इंग्रजी अमलातली घोड्यांची पागा, आणि खापरं काय, भरावाच्या मातीतून कुठूनही येतात. उद्या समिती बघायला येणार. वय सिद्ध झालं नाही, तर परवा सकाळी सगळ्यावर काँक्रीट. आणि वय सांगणारी भिंत मातीच्या ढिगात गेलेली.

“तुम्ही लिहून द्या, सर. भिंत पाहिली, थर अखंड होते, एवढंच. तुमच्यापुढे समिती तोंड उघडणार नाही.”

“मी आलोच नव्हतो.”

“ते कोणाला माहीत आहे?”

सरांनी खापर खाली ठेवलं. आत कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी होता होता राहिली…

“खरी आहे का रे ती वखार?” त्यांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

“शपथेवर सांगतो, सर. तुम्ही नदीकाठी जी शोधत होता, तीच.”

“चाळीस वर्षं…” सर म्हणाले.

शार्दूलने खिशातून कागद काढला. मजकूर टाइप करून तयार होता, सहीची जागा पेन्सिलने फुलीसुद्धा मारून दाखवलेली. शिष्य कामाचा पक्का होता.

सरांनी तो न वाचताच बाजूला ठेवला. कपाटातून एक कोरा कागद घेतला. त्याच्या अगदी तळाशी, एकेक अक्षर सुटं करत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली, सही केली. फुंकर मारून शाई वाळवली आणि कागद त्याच्या हातात दिला.

शार्दूलने तो उलटून पाहिला, सुलटून पाहिला.

“सर, वर काहीच नाही.”

“वरचं तू काढूनच टाकतोस. म्हणून मी ठेवलंच नाही.”