चमचाभर विरजण

राजाच्या कोऱ्या अंगरख्यावर कढी सांडली आणि राजवाड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांवर गदा आली!

कढी वाढत होते तुकाप्पा, सर्वांत म्हातारे आचारी. त्यांचा हात थरथरला, एवढंच. पण राजा प्रतापदेव केवढा भडकला! "उद्यापासून इथे जुनं काही दिसता कामा नये! म्हातारे नोकरसुद्धा!"

तुकाप्पांची मुलगी बायजा भाकरी वाढत होती. ती पुढे झाली. "महाराज, बाबांचा हात थरथरतो, जीभ नाही. नवे आचारी अजून त्यांना चाखवूनच मीठ घालतात. या वयात त्यांनी जायचं कुठे?"

तोंडावर बोललेलं राजाला खपत नसे. "असं? मग उद्या दिवस मावळायच्या आत माझ्याच तोंडून 'जुनं हवं' असं वदवून दाखव. सगळे म्हातारे राहतील. नाहीतर तूही चालती हो!"

दुसऱ्या दिवशी राजा सकाळपासून ओठ मिटून बसला. गप्प बसणं त्याला मुळीच जमत नसे, पण हट्टापुढे काय करणार?

दुपारी बायजानं रस्सा वाढला. पहिल्याच घासाला राजाचे कान लाल झाले. "दही! दही आण!"

"दही नाही, महाराज."

"राजवाड्यात दही नाही?"

"दूध आहे हंडाभर. पण विरजण कालचं, म्हणजे जुनंच की! हुकमाप्रमाणे टाकून दिलं."

"मग ताजं विरजण लाव!"

"ताजं कुठलं आणू? आदल्या दह्यातलं चमचाभर ठेवलं, तरच पुढचं दही लागतं. गवळ्यांकडे दही आहे, पण तेही जुन्या विरजणाचं. आपल्याला कसं चालेल?"

राजाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. "न चालायला काय झालं? मला जुनंच हवं! आण लवकर!"

गवळ्यांकडून आधीच आणून ठेवलेला वाडगा बायजानं हळूच पुढे सरकवला.

अर्धा वाडगा रिकामा झाल्यावर राजाच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो ते! "हरलो बाई! आता सांग, या म्हाताऱ्यांना द्यायचं काय?"

"विरजणाला देतो तेच, महाराज. चुलीजवळची ऊब, आणि उगाच हलवायचं नाही!"

राजा खो खो हसला. सगळे म्हातारे राहिले. तुकाप्पांना चुलीजवळ मऊ बैठक मिळाली आणि बायजाला दुभती म्हैस.

"पण एक अट!" राजा जिभेला वारा घालत म्हणाला. "यापुढे तुझा रस्सा तुकाप्पांनी चाखल्याशिवाय माझ्या ताटात यायचा नाही!"