उडीकऱ्याचे पाय

फार जुनी गोष्ट. एका डोंगरावर एक गाव होतं आणि गावापुढे खोल घळ होती. बाजार, वैद्य, सोयरेधायरे सगळे घळीपलीकडे. मधला दोरांचा साकव दर पावसाळ्यात तुटायचा. मग दसऱ्याला गावातला एक जण कमरेला सुतळी बांधून पलीकडे उडी घ्यायचा आणि त्या सुतळीने जाड दोर ओढून घ्यायचा. माणूस पडला तर त्याचं वजन सुतळीला पेलायचं नाही.

त्या वर्षी पाळी आली दोर वळणाऱ्यावर. आदल्या वर्षीचा उडीकरी घळीत पडताना त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

गावाची रीत मोठी प्रेमळ. उडीकऱ्याने तीन महिने पाय जमिनीला लावायचे नाहीत, म्हणजे म्हणे ताकद साठून राहते! रोज तेलाचं मालीश, तुपातला शिरा, कुठे जायचं तर लोकांचे खांदे. दोरवाला गादीवर बसून राहायचा, पण शिरा तसाच ताटात राहायचा.

आठव्या दिवशी एक म्हातारी त्याच्याकडे आली. गेल्या वर्षी पडला तो तिचाच मुलगा.

तिने त्याची मांडी दाबून पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्या लेकाचे पायही असेच मऊ झाले होते रे. ताकद म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत मुरायला? ऊठ, धोंडे उचल."

"रीत मोडली म्हणून देव कोपला तर, आजी?"

"रीत पाळली तेव्हा माझा लेक परत आला का?"

दोरवाल्याला देवाची भीती वाटत होती, गावाची वाटत होती, पण घळीची सगळ्यांत जास्त. तो उठला.

रोज पाठीवर धोंड्यांची पाटी घेऊन तो टेकडी चढू लागला. पाटीसकट खाली बसायचा, पाटीसकट उठायचा. पाय इतके भरून यायचे की ओटा उतरवेना. "उडी मारायचीय की हमाली करायचीय?" गाव हसलं. पाटील मात्र चिडला, "हा आपल्या सगळ्यांना बुडवणार!"

संध्याकाळी म्हातारी त्याला शेतात उड्या मारायला लावायची. "नुसत्या मांड्या कमावून भागत नाही. त्यांना उडीही शिकवावी लागते." घळ होती अकरा हात. पहिली उडी सात हातच पडली. महिन्याने नऊ झाली. दसरा तोंडावर आला तेव्हा कुठे बारा.

दसऱ्याला काठावर उभं राहून त्याने खाली पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"आजी, भीती काही गेली नाही," तो पुटपुटला.

"जायचीही नाही. तू धाव."

तो धावला. काठ सुटला आणि धप्पकन तो पलीकडच्या मातीत पडला, काठाच्या हातभर आत. तिथेच जमिनीला मिठी मारून तो लहान मुलासारखा रडला.

अलीकडे लोक ढोल वाजवत होते. म्हातारी खाली बसली आणि म्हणाली, "देवा, हे मला गेल्या वर्षी का रे सुचलं नाही?"

तात्पर्य: बळ जपून ठेवल्याने वाढत नाही, राबवल्याने वाढतं. ज्याच्यावर माया आहे त्याचे पाय चेपत बसू नका, त्याला चालायला लावा.